अर्धा सूर खाली

तिला सगळे आजीबाई म्हणायचे, आणि हे नाव पडलं तेव्हा तिचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात तिला व्हायोलिनच्या पहिल्या रांगेत नुकतीच जागा मिळाली होती. कायमची नोकरी, वर्षभराचे कार्यक्रम आधीच छापलेले, नावाला मान. अशी खुर्ची मिळावी म्हणून लोक जिवाचं रान करतात. आणि ही बया मधल्या सुट्टीत चहा सोडून तळघरात जाऊन बसायची. तिथे मोडक्या खुर्च्या आणि फाटलेले ढोल यांच्या गर्दीत एक जुनं व्हायोलिन धूळ खात पडलं होतं. मान आखूड, हनुवटी टेकवायला आधार नाही, आणि तारा पोलादाच्या नाहीत तर मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या, म्हणजे तातीच्या. "वाजवून बघू का?" असं तिने विचारलं तेव्हा वाद्यांची देखभाल करणारा माणूस म्हणाला, "बघा की, आजीबाई. तुमच्याच वयाचं आहे." सगळे हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच.

हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं की ती त्या तळघरातून पुन्हा पूर्णपणे वर येणारच नाही. तातीची तार पोलादी तारेसारखी हुकूम ऐकत नाही. तिची मनधरणी करावी लागते. हवा दमट झाली की ती रुसते, दिव्यांचा उजेड अंगावर आला की ताणली जाते, आणि जरा जास्त जोर लावला की खरखर करून निषेध नोंदवते. पण राजी झाली की तिच्या आवाजात श्वास ऐकू येतो. आजीबाईने लहानपणापासून शेकडो जुन्या रचना वाजवल्या होत्या. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की आपण आजवर त्यांचं भाषांतरच वाजवत होतो.

जगात तिच्यासारखी आणखी थोडी माणसं होती. जुनं संगीत ज्या काळी रचलं गेलं त्या काळच्या वाद्यांवर, त्या काळच्या हाताने वाजवायचं, असा त्यांचा हट्ट. गज हलका आणि बाहेरच्या बाजूला वाकलेला. डावा हात सतत थरथरवायचा नाही. थरथर म्हणजे मीठ, भात नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सूर. आज जगभर जो सूर प्रमाण मानतात त्याच्यापेक्षा अर्धा सूर खाली वाद्यं लावायची, कारण त्या काळी बऱ्याच ठिकाणी तशी लावत. आजीबाई या लोकांत जाऊन मिळाली आणि वर्षाच्या आत तिने वाद्यवृंदाची खुर्ची सोडली. सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं. त्याचं तिला काही वाटलं नाही. तिला काळजी होती ती घरची.

घरी बाबा होते, आणि बाबांचा धंदाच मुळी पियानो सुरात लावण्याचा. शहरातल्या शाळा, सभागृहं, संगीत शिकवणाऱ्या बायका, सगळ्यांकडे बाबाच जायचे. त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात नादकाटा असायचा, आपटला की नेमका एकच सूर देणारा, पण तो निव्वळ दाखवण्यापुरता. बाबांना त्याची गरज नव्हती. चमचा फरशीवर पडला की ते त्याचा सूर सांगायचे. दाराची घंटा, किटलीची शिट्टी, शेजारणीचं भांडण, प्रत्येकाला त्यांच्याकडे नाव होतं. "शेजारीण आज पाव सूर चढली आहे," असं ते आईला सांगायचे, "काहीतरी गंभीर दिसतंय." मुलीला पियानोशी उभं करून तिचा कान त्यांनीच तयार केला होता. "सूर एकच असतो," ते म्हणायचे. "बाकी सगळ्या सबबी."

अशा माणसापुढे आजीबाईने पहिल्यांदा ते जुनं वाद्य काढलं. बाबांनी दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

"खाली आहे."

"हो बाबा, अर्धा सूर. त्या काळी असाच लावायचे."

"त्या काळी लोकांचे चाळिशीत दातही पडायचे. म्हणून आपण पाडून घ्यायचे का?"

आई हसली, आजीबाईही हसली, पण बाबा हसत नव्हते. त्यांच्या कपाळावर खरोखरची वेदना होती. हे आडमुठेपण नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. ज्यांचा कान असा जन्मतः बांधलेला असतो त्यांना प्रत्येक सुराचा चेहरा दिसतो. ओळखीची रचना अर्धा सूर खाली ऐकणं म्हणजे त्यांच्या लेखी समोर थोरली मुलगी उभी असताना सगळ्यांनी तिला धाकटीच्या नावाने हाक मारणं. दुसरा कुणी म्हणाला असता, चालायचंच. बाबांना चालत नव्हतं.

तरीही सगळं निभावलं असतं, जर तो पहिला कार्यक्रम झाला नसता.

आजीबाईने चौघांना जमवून एक छोटा संच काढला होता. त्यात हार्प्सिकॉर्ड वाजवणारा एक उंच, वाकलेला, सदा भुकेला तरुण होता. हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोची आजी म्हणा. तिच्यात तारांवर हातोडी पडत नाही, पिसाच्या टोकाने तार छेडली जाते, आणि ती दर कार्यक्रमाआधी नव्याने सुरात लावावी लागते. नेमका त्या दिवशी नेहमीचा लावणारा आजारी पडला. आई म्हणाली, "अहो, लेकीचा पहिला कार्यक्रम आहे. जा ना तुम्ही." बाबा गेले. उंच तरुणाने त्यांना खालच्या सुराचा नादकाटा हातात दिला, चारचारदा समजावलं, आणि मंडळी कपडे बदलायला घरी गेली.

बाबांनी तो काटा आपटला. ऐकला. पुन्हा आपटला. मग तो बाजूला ठेवला आणि खिशातला स्वतःचा काढला.

संध्याकाळी मंडळी आली तेव्हा लोक खुर्च्यांवर बसलेले होते. तरुणाने पहिली पट्टी दाबली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. अख्खं हार्प्सिकॉर्ड अर्धा सूर वर, बिनचूक, आरशासारखं स्वच्छ लावलेलं. पुन्हा उतरवायला वेळ नव्हता. "वर ओढ," तो आजीबाईच्या कानात म्हणाला, आणि तिने डोळे मिटून खुंट्या पिळल्या. पहिली रचना कशीबशी झाली. दुसऱ्या रचनेत हार्प्सिकॉर्डच्या बारीक तारा त्या ताणाने एकेक करून टण् टण् तुटायला लागल्या. आणि मग तिची सगळ्यात बारीक तात तुटली आणि सपकन गालावर बसली. पुढच्या रांगेतली बाई किंचाळली. कार्यक्रम माफी मागून संपवावा लागला.

घरी बाबा खुर्चीत बसले होते. लेकीच्या गालावरचा वळ त्यांनी बघितला आणि मान खाली घातली.

"मला मुद्दाम खोटं लावता येईना," ते म्हणाले. "प्रयत्न केला. हात वळेना."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त लागलं. "बाबा, यापुढे माझ्या कार्यक्रमाला तुम्ही हात लावायचा नाही."

"हात कशाला, मी येणारसुद्धा नाही."

खाण तशी माती. दोघांनीही शब्द पाळला. बाबांनी कानाला खडा लावला आणि आजीबाईने पुन्हा बोलावलं नाही.

म्हणून काही घर मोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी ती जेवायला यायची, बाबा तिच्या बुटांचे तळवे बदलून आणायचे, तिच्या घराची कुरकुरणारी दारं वंगण घालून गप्प करायचे. तो उंच, भुकेला तरुण जावई झाला तेव्हा बाबांनीच त्याला जेवणात सगळ्यात मोठा वाटा वाढला. फक्त एका विषयावर घरात कुणी बोलायचं नाही, आणि तो विषय म्हणजे तिचं अख्खं आयुष्य होतं.

ते आयुष्य चांगलं चाललं होतं, अगदी सावकाश. सुरुवातीला चर्चमागच्या थंड खोल्या, जिथे श्रोत्यांपेक्षा खुर्च्या जास्त. मग बरी सभागृहं, मग परगावची बोलावणी. हनुवटीचा आधार नसल्यामुळे व्हायोलिन गळ्यावरून निसटू नये म्हणून तिने नव्याने चालायला शिकल्यासारखा सगळा हात पुन्हा बसवला. दोनशे वर्षांपूर्वीच्या शिक्षकांची पुस्तकं वाचली. ते एकमेकांशी इतके भांडत होते की तिला घरच्यासारखं वाटायचं. दर रचनेनंतर तारा पुन्हा जुळवाव्या लागत. एकदा एक श्रोता भेटून म्हणाला, "मधूनमधून जे छोटं वाजवत होतात ते फार आवडलं." ती म्हणाली, "ते मलाही सगळ्यात अवघड जातं." विद्यार्थ्यांना ती आधी ओळ बोलून दाखवायला लावायची. "बोलता येत नाही ते वाजवायचं नाही," हा तिचा नियम. विद्यार्थीही तिला मागून आजीबाईच म्हणत, आणि आता केस पिकल्यामुळे ते नाव तिला शोभायलाही लागलं होतं.

आई प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत असायची. घरी परतली की बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, "गर्दी होती?"

"होती."

"तार तुटली?"

"नाही."

मग ते पान उलटायचे. इतकी वर्षं झाली, प्रश्न हाच. आजीबाईला आईकडून हे कळायचं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, समोर बसून ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. मोठ्या सभागृहांनी ती भूक भागली नाही.

मग एक दिवस शाळेच्या संगीतशिक्षिकेचा फोन आला. बाईंचा आवाज अवघडलेला होता. "तुमचे बाबा आमचा पियानो लावून गेले. दोन दिवस बसले होते. आम्ही कुणाला काही बोललो नाही, पण बासरी वाजवणाऱ्या मुली रडकुंडीला आल्यात. काही केल्या जुळत नाही."

आजीबाई तालमीवरूनच तिकडे गेली, व्हायोलिनची पेटी खांद्यावर. रिकाम्या वर्गात तिने पियानोची एक पट्टी दाबली आणि चमकली. मग व्हायोलिन काढून तोच सूर लावला. तंतोतंत जुळला. बाबांनी अख्खा पियानो अर्धा सूर खाली लावला होता, तिच्या सुरात.

क्षणभर तिला वाटलं, बाबांनी हे आपल्यासाठी केलं. इतक्या वर्षांनी, त्यांच्या पद्धतीने, न बोलता. तिचे डोळे भरूनही आले. पण शाळेच्या पियानोवर कशाला करतील? तिने व्हायोलिन खाली ठेवलं. मुद्दाम खोटं लावणं त्या माणसाच्या हातून होत नाही. म्हणजे त्यांनी हे खरं समजून लावलं होतं.

ती थेट घरी गेली. बाबा बाहेर गेले होते. आईने आधी आढेवेढे घेतले, मग सगळं बाहेर आलं. "हल्ली रेडिओ लावू देत नाहीत. किटली शिट्टी मारते म्हणून साधं पातेलं आणलं. मी गुणगुणले तरी उठून जातात. आणि हे बघ." आईने बाबांच्या कामाच्या टेबलाचा खण ओढला. आत नादकाटे होते. खिशातला जुना, आणि त्याच्याशेजारी कितीतरी नवे कोरे. "सारखा नवा आणतात. म्हणतात, बनवणाऱ्यांना अक्कल राहिली नाही, सगळेच काटे चढे."

आजीबाईने एकेक काटा आपटून कानाशी धरला. सगळे सारखे होते. सगळे बरोबर होते.

कानाच्या डॉक्टरांना ती एकटीच भेटली. त्यांनी सरळ सांगितलं की असा कान असणाऱ्यांना उतारवयात हे होतं. कानाच्या आतलं यंत्र जुनं होतं आणि सगळे सूर असतात त्याहून वर ऐकू यायला लागतात. अर्धा सूर, पुढे कदाचित आणखी. उपाय नाही. इतरांना याचा पत्ताही लागत नाही. ज्यांचा कान पक्का, त्यांनाच भोगावं लागतं.

आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? आई म्हणाली, तू. जावई म्हणाला, "सांगू नकोस. वाजव."

सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर ती बाबांच्या कामाच्या खोलीत व्हायोलिन घेऊन गेली. भिंतीला पियानोच्या सुट्या पट्ट्या टांगलेल्या, टेबलावर सुरीने कापलेल्या लोकरीच्या गाद्या, आणि खिडकीशी बाबा नुसते बसलेले. वाद्य बघून त्यांनी हात वर केला, तसाच, पूर्वीसारखा.

"नको गं. हल्ली मला काहीच सोसत नाही."

"थोडंसंच, बाबा."

तिने एक संथ रचना धरली, लहानपणी त्यांच्याच पियानोशी उभं राहून शिकलेली. बाबांचा हात पहिल्या ओळीपर्यंत वरच होता. मग तो हळूहळू गुडघ्यावर आला. दुसऱ्या ओळीला त्यांनी डोळे मिटले. खांदे सैल झाले. ती संपेपर्यंत ते हलले नाहीत, आणि संपल्यावरही बराच वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"कधी बदललास?" त्यांनी विचारलं.

"काय, बाबा?"

"सूर. बरोबर लावलास आज. एकदम जागेवर आहे."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. म्हातारा खूश, लेक खूश, पुढचं पुढे. जिभेवर आलंही होतं. पण ज्याने आयुष्यात एक तार खोटी लावली नाही त्याच्याच पोटची ती.

"नाही बदलला," ती म्हणाली. "होता तिथेच आहे."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग उठून खण ओढला, जुना काटा काढला आणि टेबलावर आपटला. "तुझा दे." तिने तार छेडली. दोन सूर शेजारीशेजारी ऐकू आले, मधे बरोबर अर्ध्या सुराचं अंतर. हे अंतर ओळखायला त्यांना कुणाच्या मदतीची गरज नव्हती. त्यांनी काटा खाली ठेवला.

"म्हणजे काटा बरोबर आहे."

"हो."

"हे सगळेच?"

"सगळेच, बाबा."

"आणि शाळेचा पियानो?"

"अर्धा सूर खाली. पण स्वतःशी अगदी सुरात आहे. इतका नीट लावलेला पियानो मी कित्येक वर्षांत ऐकला नाही."

बाबा खुर्चीत बसले आणि रडले. आजीबाईने त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. ती खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तीही रडली. आई दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली.

"मला वाटलं, वेड लागतंय," बाबा म्हणाले. "सगळं जग वर चढून बसलं होतं गं. तुझी आई हाक मारायची तीसुद्धा परकी वाटायची. कुणाला सांगू?" मग डोळे पुसून त्यांनी व्हायोलिनकडे बोट केलं. "हे एवढंच जागेवर आहे. पुन्हा वाजव."

तिने पुन्हा वाजवलं. त्या दुपारी तिने त्यांना सगळं वाजवून दाखवलं, इतक्या वर्षांचं साठलेलं, आणि ते मधेमधे फक्त "पुढे" म्हणत होते. चहाची वेळ टळली तरी आईने हाक मारली नाही.

बाबांनी पियानो लावणं थांबवलं. शाळेत स्वतः जाऊन त्यांनी शिक्षिकेची माफी मागितली आणि आपल्या हाताखाली शिकलेल्या माणसाचं नाव दिलं. सोपं नव्हतं ते. आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत. मग आजीबाईच्या पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच दाढी करून, कोट चढवून बसले.

"हार्प्सिकॉर्ड कोण लावतंय?"

"येणार आहे एकजण," आजीबाई म्हणाली.

"त्याला नको म्हणून सांग."

रिकाम्या सभागृहात बाबा हार्प्सिकॉर्डवर वाकले. काटा घेतलाच नाही. लेकीने एक सूर दिला, त्यांनी मान हलवली, आणि किल्ली घेऊन कामाला लागले. कानाला बोचणाऱ्या जगात त्यांना एवढा कोपरा मिळाला होता, आणि त्यांचे हात पूर्वीसारखे न थांबता चालले होते. पूर्वीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे जावई सूर मोजायचं छोटं यंत्र मुठीत लपवून मागून पावलं न वाजवता आला.

"या, जावईबापू," बाबा वळून न बघता म्हणाले. "घ्या मोजून. मीही तेच केलं असतं."

जावयाने मोजलं. यंत्राची सुई मधोमध उभी राहिली. त्याने यंत्र खिशात टाकलं आणि सासऱ्यांसाठी खुर्ची आणायला गेला.

संध्याकाळी आईच्या शेजारी तिसऱ्या रांगेत बाबा बसले. आजीबाई मंचावर आली, तिने त्या खुर्चीकडे एकदा बघितलं, आणि मग मात्र बघायचं टाळलं, कारण ओल्या डोळ्यांनी तातीच्या तारा लागत नाहीत. तिने कसं वाजवलं याबद्दल लोक पुढे पुष्कळ बोलले. संपल्यावर टाळ्यांच्या गजरात बाबा सवयीने आईकडे वाकून म्हणाले, "तार तुटली?"

"अहो, इथेच होतात ना तुम्ही," आई म्हणाली.

घरी परतताना बाबा लेकीच्या हाताला धरून चालत होते. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले ते तुझ्या आईने सांगितलंय मला. हे आणखी चढणार. मग तूही जागेवर राहणार नाहीस."

आजीबाईने त्यांचा हात घट्ट धरला. "बाबा, काही दरबारांत याहूनही अर्धा सूर खाली वाजवायचे. त्यांच्या रचना आहेत पुष्कळ, आणि सुंदर आहेत. मी जाड तारा मागवून ठेवल्यात."

बाबा थांबले. रस्त्यावरच्या दिव्याखाली त्यांनी लेकीच्या गालावरून, तो वळ कधीकाळी उठला होता तिथून, अंगठा फिरवला.

"जाड तारेला खुंटीचं भोक मोठं लागेल," ते म्हणाले. "उद्या वाद्य घेऊन ये. मी करून देतो."